खोटा ताळा

६ मार्च

भिंगरे,

तुमच्या कारखान्याच्या फाटकावर फोन काढून घेतात आणि रविवारी वसतिगृहाच्या एकुलत्या एका फोनपुढे चाळीस मुली रांग लावतात. मागच्या रविवारी तू "हॅलो" म्हणालीस आणि मागून कुणीतरी "आवर आता" म्हणाली, एवढंच काय ते आपलं बोलणं झालं. तेव्हा म्हटलं, पुन्हा कागद-पेनच बरं. माझं अक्षर लागतं का बघ. हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळणारा माणूस सहीपलीकडे हाताने काही लिहीत नाही.

घरी सगळं बरं. तुझी वहिनी आता पुरुषांच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर झाली. हाताखाली सात जणी आहेत आणि आठवा मी. परवा मला ताप आला तर तिने दर चार तासांनी नोंद ठेवली. बरा झाल्यावर तो कागद मला दाखवून म्हणाली, "रुग्ण कटकट्या आहे, असं मुद्दाम लिहिलं नाही."

आता कामाचं. तिच्याच वॉर्डातल्या संगणकाला जानेवारीअखेर नवं नेटवर्क कार्ड बसवलं. तेव्हापासून संगणकाच्या रोजनिशीत एक तक्रार उमटते: हार्डवेअरचा चेकसम चुकला. तुला सांगायला नको, पण शाळेत गुणाकार झाल्यावर मास्तर ताळा करायला लावायचे, तशातलाच हा प्रकार. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मजकुराचा ताळा पूर्वी संगणक करायचा, आता ते काम कार्ड स्वतःच करतं. तर हे कार्ड म्हणतं ताळा चुकला, आणि संगणक पुन्हा करून बघतो तर बरोबर. दिवसाला चाळीसेक ओळी, दुपारी जरा जास्त. केबल बदलली, ती स्विचवर जिथे खोचतात ते भोक बदललं, फरक शून्य.

तू दिवसभर हीच कार्डं तपासतेस म्हणून विचारतो. कार्ड तुमच्याच कारखान्याचं आहे. स्टिकरवर लिहिलंय: तुकडी ११७, तपासनीस १४. काळजी करण्यासारखं आहे का?

दादा


१५ मार्च

दादा,

तुझं अक्षर लागलं, पण "हॉस्पिटल" मी आधी "हातपाय" असं वाचलं आणि घाबरले. माझ्या खोलीतली मुलगी म्हणाली, भाऊ डॉक्टर आहे का? म्हटलं, नाही, डॉक्टरांच्या संगणकांचा डॉक्टर आहे.

इथे सगळं मजेत. नव्या स्वयंपाकीणबाई आल्या आहेत, त्यांनी केलेला भात चमच्याला चिकटतो आणि वरणाला सोडून पळतो. खोलीतली दुसरी मुलगी झोपेत कार्डं मोजते. परवा एकशे बारापर्यंत गेली आणि चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. काळजी करू नकोस. कार्डाचं गणित थोडं कच्चं असतं, संगणकाचं पक्कं. संगणक पुन्हा ताळा करतोच आहे आणि तो जुळतोय, म्हणजे आकडे सुखरूप. अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी दिसते. तो संदेश दाखवणं बंद करता येतं, खाली कसं ते लिहिलं आहे. तेवढं कर आणि विसरून जा.

एक आनंदाची बातमी, पण अजून कुणाला सांगू नकोस. जूनमध्ये मला कायम करणार असं सुपरवायझर म्हणाले. सहा वर्षं झाली, दादा. वहिनीला मात्र सांग. तिच्या पोटात राहतं.

भिंगरी


२० एप्रिल

भिंगरे,

तुझं कौतुक करायला हवं आणि मी दुसरंच लिहितोय.

वहिनीच्या वॉर्डात नवव्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. आयुष्यभर शिंपीकाम केलेलं, म्हणून सगळे त्यांना शिंपीकाका म्हणायचे. हृदयाचे ठोके आवरायला त्यांना एक पातळ औषध चालू होतं. डॉक्टरांनी कागदावर दोन मिलिलिटर लिहिलं. वहिनीने दुपारी तीनच्या सुमारास ते संगणकात भरलं आणि चारला ड्यूटी संपवून घरी आली. खाली फार्मसीत मागणी पोचली ती सहा मिलिलिटरची. त्यांनी सहाची पिचकारी भरून, चिठ्ठी लावून वर पाठवली. संध्याकाळच्या सिस्टरने चिठ्ठी वाचून दिली. तासाभरात काकांची नाडी तीसवर आली. अतिदक्षता विभागात अकरा दिवस काढले. त्यात छातीत कफ साठला, आणि परवा सकाळी ते गेले.

डॉक्टरांच्या कागदावर दोन, संगणकात सहा, आणि मधे एकच माणूस. वहिनीला कामावरून थांबवलं आहे. ती म्हणते, मी दोनच टाइप केलं. चौकशीसाठी नेमलेल्या समितीने मला नेटवर्क तपासायला सांगितलं. तिचाच नवरा म्हणून नको, असं मी म्हणालो. पण दुसरा माणूस आहे कुठे? मी सर्व्हरच्या नोंदी काढल्या. त्या दुपारचा प्रत्येक मजकूर ताळा जुळून आलेला आहे. एकही बिघडलेला नाही. सहा हा आकडा व्यवस्थित, शिक्कामोर्तब होऊन आला आहे.

तरी तुला विचारतो, कारण तुझ्याइतकं कार्ड मला कळत नाही. मार्चमध्ये ज्याबद्दल लिहिलं होतं ते हेच कार्ड. आकडा बदलायचा आणि वर ताळाही बरोबर दाखवायचा, असं एखादं कार्ड करू शकतं का? नीट विचार करून सांग. घाई आहे, पण घाईत उत्तर देऊ नकोस.

दादा


४ मे

दादा,

पत्र दोनदा वाचलं. वहिनीला माझा नमस्कार सांग. नाही, नमस्कार नको, तिला जवळ घे.

तू विचारलंस त्याचं उत्तर: नाही, तसं होत नाही. आकडा वाटेत बिघडला तर ताळा चुकतो, ताळा त्यासाठीच असतो. दोन्ही बरोबर म्हणजे मजकूर जसा निघाला तसाच पोचला. तरी फार्मसीच्या बाजूची केबल बघ. मधला स्विच जुना असेल तर तो बघ. टाइप करायच्या पाटीवर दोनाची कळ अडकते का तेही बघ.

उत्तराला उशीर झाला. इथे काम फार आहे.

भिंगरी


१७ मे

भिंगरे,

केबल, स्विच, कळपाटी, सगळं बघितलं. काही नाही.

समितीपुढे मी अहवाल दिला. त्यात लिहिलं की नेटवर्कमध्ये दोष आढळला नाही. तोंडी हेही सांगितलं की ही कार्डं जिथे बनतात तिथे माझी सख्खी बहीण तपासनीस आहे, आणि तिच्या मते कार्डाने आकडा बदलणं शक्य नाही. अध्यक्षांनी ते टिपून घेतलं.

त्या संध्याकाळी घरी आलो. वहिनी स्वयंपाकघरात उभी होती. अहवालात काय लिहिलंस असं तिने विचारलं नाही. म्हणाली, "तुला काय वाटतं तेवढं सांग."

मी म्हणालो, "मशीन आकडा बदलत नाही गं."

तिने गॅस बंद केला, कळ नीट बंद झाली का ते वाकून पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं. त्या दिवसापासून हेच चाललंय. कुलूप लावून जिन्यावरून परत येते. दुधाच्या पिशव्या मोजते आणि मला मोजायला लावते. मी तिला समजावलं, चूक कुणाच्याही हातून होते, चौदा वर्षांत एकदा झाली, त्यात एवढं काय. मला वाटलं मी धीर देतोय. गेल्या सोमवारी ती तिच्या आईकडे गेली. जाताना म्हणाली, काही दिवस जरा जिथे मला कुणी माफ करायला येत नाही अशा घरात राहते.

मी काय चुकीचं बोललो ते मला कळत नाही. तुला कळलं तर लिही.

दादा


२ जून

भिंगरी,

तुझ्या दादाला न सांगता लिहिते आहे. तुझा पत्ता माझ्याकडे होता, गेल्या वर्षी तुला स्वेटर पाठवला तेव्हाचा.

मी तुला कार्डाबद्दल विचारणार नाही. तू उत्तर दिलं आहेस, ते मला समितीच्या कागदात वाचायला मिळालं. दुसरं विचारायचं आहे. तू दिवसभर वस्तू तपासतेस. जे पाहिलं ते खरंच पाहिलं, हे तू कशावरून ठरवतेस? मला ते आता ठरवता येत नाही. दोनाची कळ दाबल्याचं मला आठवतं. बोट आठवतं. पडद्यावरचा आकडा आठवतो. आणि तरी कागद म्हणतो सहा. मग मला हेही वाटतं, की आठवण मी नंतर बनवली असेल.

डोळे तपासून घेतले. मेंदूच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. ते म्हणाले ताण आहे. ताण आहे हे मला फी न देताही माहीत होतं.

आता जे लिहिते ते अजून कुणाला दाखवलेलं नाही. समितीने माझ्या सगळ्या नोंदींची छापील प्रत दिली. संगणकात भरण्याआधी मी प्रत्येक आकडा माझ्या वहीत लिहिते, जुनी सवय. रिकामा वेळ होता म्हणून सहा आठवड्यांची वही आणि ती प्रत शेजारी शेजारी ठेवून तपासली. अकरा ठिकाणी फरक निघाला. वहीत १, प्रतीत ५. वहीत ३, प्रतीत ७. २ चा ६ तीनदा. ० चा ४ दोनदा. एका रुग्णाचा ताप १०२ चा १०६ झाला होता. तो मात्र मला आठवतो, कारण पडद्यावर तो परत दिसला तेव्हा मीच हसून दुरुस्त केला होता. बाकीच्यांकडे कुणी लक्ष दिलं नाही. वजन, लघवीचं माप, उशांची मागणी. एकाला एक उशी हवी होती, पाच आल्या, आम्ही चेष्टा केली.

उलटं कधीच नाही. सात लिहिला आणि तीन झाला, असं एकदाही नाही. आणि सगळे दुपारी दोन ते चारमधले. त्या वेळी माझ्या टेबलावर खिडकीतून ऊन येतं, संगणकाच्या डब्याला हात लावला तर चटका बसतो. त्या वेळात आठ किंवा नऊ भरला की कधीकधी संगणक "पुन्हा भरा" म्हणतो, ते वेगळंच.

म्हणजे बघ, एकदा नाही, अकरा वेळा. मला दुपारच्या उन्हात काहीतरी होत असणार. तुझ्या दादाला ही यादी दाखवली तर तो ती अहवालाला जोडेल. तो वाईट नाही, पण जोडेल. म्हणून तुला पाठवते. चौदा वर्षांत मी असे किती आकडे बदलले असतील, या विचाराने मला जेवण जात नाही.

तुझी वहिनी


९ जून

दादा,

हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे, शब्दाला शब्द. एक तुला, एक वहिनीला तिच्या आईच्या पत्त्यावर. वहिनी, तू आधी वाचलंस तर बरं.

वहिनीने दोनच टाइप केलं होतं. सहा कार्डाने केला. मला हे एप्रिलमध्येच कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलं होतं. फक्त मी त्याकडे पाठ करून उभी राहिले.

कार्डाच्या पोटात एक छोटी जागा असते. पाठवायचा मजकूर तिथे क्षणभर थांबतो, तिथेच त्याचा ताळा केला जातो आणि मग तो बाहेर जातो. संगणक प्रत्येक आकडा दिव्यांच्या रांगेसारखा ठेवतो: एक दिवा एकाचा, एक दोनाचा, एक चाराचा, एक आठाचा. तुमच्या कार्डातला चाराचा एक दिवा तापला की अडकून पेटलेलाच राहतो. मग शून्याचा चार होतो, एकाचा पाच, दोनाचा सहा, तीनचा सात. चार ते सात यांत तो दिवा आधीच पेटलेला, म्हणून ते बदलत नाहीत. आठ-नऊचं मात्र भलतंच चिन्ह होतं, म्हणून संगणक "पुन्हा भरा" म्हणतो. वहिनीने तिच्या वहीवरून काढून मला पाठवलेली फरकांची यादी वाचताना मी तिसऱ्या ओळीवर थांबले. त्यापुढे वाचायची गरजच नव्हती.

आणि ताळा बरोबर का येतो? कारण कार्ड आकडा आधी बिघडवतं आणि बिघडलेल्या आकड्याचाच ताळा करतं. सर्व्हर बिचारा दोन्ही ताडून बघतो, जुळतात. मार्चमध्ये तू लिहिलंस ती तक्रार त्याच दुखण्याची होती. येणाऱ्या मजकुराच्या बाबतीत कार्डाचा ताळा चुकायचा आणि संगणक सांभाळून घ्यायचा. जाणाऱ्या मजकुराला सांभाळायला कुणी नव्हतं. मी तुला ती तक्रार दिसू नये म्हणून काय करायचं ते शिकवलं. ताळ्याचं काम कार्डाकडून काढून संगणकाला दे, असं मी सांगायला हवं होतं. एका ओळीचं काम.

का नाही सांगितलं? तपासनीस १४ म्हणजे मी. तू स्टिकरवरचं लिहिलंस तेव्हाच मी ते ओळखलं होतं. प्रत्येक कार्ड आम्ही तापवून तपासतो. त्या कपाटाला आम्ही भट्टी म्हणतो. जानेवारीत भट्टी बिघडली. माल जायची तारीख ठरलेली होती. सुपरवायझर म्हणाले, थंडच तपासा आणि तक्त्यात गरम लिहा, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. तुकडी ११७ पूर्ण तशी गेली. अकराशे साठ कार्डं. तक्त्यावर सही माझी. दुसरी एक मुलगी नाही म्हणाली, तिला पॅकिंगला पाठवलं. मी कायम होण्याची वाट बघत होते.

मे महिन्यात मी तुला "तसं होत नाही" असं लिहिलं, तेव्हा मला खात्री नव्हती. पण शंका होती, आणि शंका असताना मी ते लिहिलं. तू ते समितीत सांगशील असं माझ्या मनातही आलं नव्हतं. यायला हवं होतं.

तू विचारलं होतंस, वहिनीशी काय चुकीचं बोललो. तू माझ्यावर विश्वास ठेवून बोललास, एवढंच.

कार्डाला हात लावू नकोस. आधी वहिनीची वही शेजारी ठेव आणि दुपारी दोननंतर तपास.

भिंगरी


२३ जून

भिंगरी,

समितीच्या दोन माणसांना शेजारी बसवून तपासलं. दुपारी तीन, संगणकाचं झाकण बंद, खिडकी उघडी. "दोन" हा आकडा दोन हजार वेळा पाठवला. एकोणीस वेळा सहा पोचला. एकोणीसही वेळा ताळा जुळलेला. मग ताळ्याचं काम कार्डाकडून काढून संगणकाकडे दिलं आणि पुन्हा पाठवला. आता बिघडलेला प्रत्येक मजकूर सर्व्हरने नाकारला, परत मागवला, आणि शेवटी दोनच पोचला. दोन हजारपैकी दोन हजार.

एक ओळ, भिंगरी. मार्चमध्ये.

कार्ड काढून मोहोरबंद पाकिटात समितीच्या ताब्यात दिलं. माझा पहिला अहवाल मी मागे घेतला. अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा हे का दिसलं नाही? मी म्हणालो, तेव्हा मी मशीनला विचारलं, आणि मशीन जे बोललं ते लिहिलं. ज्या बाईकडे सहा आठवड्यांची वही होती, तिला मी "वही आहे का" असंही विचारलं नाही. एकाच घरात राहून.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईकडे गेलो. ती मटार सोलत होती. मी सगळं सांगितलं. तुझं पत्र तिला आधीच मिळालं होतं, पण तिने मला मधे थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "शिंपीकाकूंना कुणी सांगितलं का?" मी म्हणालो, अजून नाही. ती म्हणाली, "मग आधी ते." मी माफी मागितली. ती म्हणाली, "मी बरोबर आहे असं तू म्हणावंस अशी माझी अपेक्षा नव्हती. 'थांब, अजून एकदा बघतो' एवढं म्हणायचं होतंस."

मी तिथून चालत घरी आलो. सात किलोमीटर असेल.

तुझ्यावर रागवायला मला अजून जागा झालेली नाही. माझ्यात दुसरा राग भरलेला आहे. तो ओसरला की तुझा नंबर येईल, तेव्हा लिहीन. तोवर एक सांगतो. तुमच्या तुकडीत अकराशे साठ कार्डं होती. त्यातलं एक पाकिटात आहे.

दादा


११ जुलै

दादा,

तुझं शेवटचं वाक्य मी भिंतीला लावलं नाही, पण लावल्यासारखंच होतं.

मी मॅनेजरना लेखी दिलं. भट्टी कधी बिघडली, किती दिवस, तक्त्यात काय लिहिलं, सही कुणाची. सुपरवायझरनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असं काही झालंच नाही, तुझी तब्येत बरी नाही. मॅनेजर म्हणाले, तपासणी करू. दुसऱ्या दिवशी माझं टेबल दुसऱ्या मुलीला दिलं. तिसऱ्या दिवशी मला सुट्टी दिली, कधीपर्यंत ते सांगितलं नाही. कायम होण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही, मीही नाही. पॅकिंगला पाठवलेली ती मुलगी मात्र माझ्यासोबत मॅनेजरकडे आली. मी बोलावलं नव्हतं.

त्यांनी अजून कुणाला कळवलेलं नाही. तेव्हा मी तुकडी ११७ कुठे कुठे गेली ती यादी हाताने उतरवून घेतली. तुमचा सोडून तेवीस पत्ते. तीन हॉस्पिटलं, दोन शाळा, एक पाणी शुद्ध करायचं केंद्र, बाकी कचेऱ्या. सगळ्यांना पत्रं लिहिली. आठ जणांची पोच आली. एकाने विचारलं, तुम्ही कोण? मी लिहिलं, तपासनीस १४.

यादीची एक प्रत सोबत आहे. तू लिहिलंस तर लोक लवकर ऐकतील. माझ्या नावापुढे आता हुद्दा नाही.

वहिनीला मी तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. प्रत्येकात माफी मागून झाल्यावर माझंच रडगाणं सुरू व्हायचं. तिला हे सांग, किंवा नको सांगूस.

भिंगरी


६ ऑगस्ट

भिंगरी,

तुझी यादी तुझ्या दादाने मला आणून दिली. त्याने सगळ्या ठिकाणी पत्रं धाडली आहेत. पण पत्रं साहेबांच्या टेबलावर पडतात. म्हणून त्या तीन हॉस्पिटलांत मी स्वतः फोन केले, साहेबांना नाही, वॉर्डातल्या सिस्टरना. एका ठिकाणची सिस्टर म्हणाली, आमच्याकडे दुपारी उशा जास्त येतात. मी तिला म्हटलं, हसू नका, डबा बंद करा आणि वही काढा. तासाभराने तिने परत फोन केला. सापडलं. कुणाला इजा झालेली नाही. उरलेल्या दोन ठिकाणी कार्डं बदलली. पाण्याच्या केंद्रानेही काढून टाकली. शाळांकडून अजून उत्तर नाही, तिकडे दादा जाणार आहे. तुमच्या कारखान्याने काल सगळ्यांना परिपत्रक पाठवलं. त्यात "किरकोळ दोष" असं लिहिलं आहे. ते मी फाईलला लावलं आणि शेजारी शिंपीकाकांचं नाव लिहिलं.

मी सोमवारपासून कामावर रुजू झाले. समितीने पत्र दिलं, अध्यक्ष स्वतः वॉर्डात आले. सगळ्या मुली रडल्या, मला रडू आलं नाही. पहिल्या दिवशी एक आकडा भरायला मला दहा मिनिटं लागली. काल सात लागली. टेबल खिडकीपासून हलवलं आहे, आणि संगणकात भरलेलं फार्मसीने फोनवर वाचून दाखवायचं असा नियम मी घालून घेतला. फार्मसीवाले वैतागतात. वैतागू देत.

शिंपीकाकूंकडे मी एकटीच गेले. दादा येतो म्हणाला, नको म्हटलं. लहान घर आहे, दारातच शिवणयंत्र, त्यावर चादर टाकलेली. मी त्यांना सगळं सांगितलं, कार्ड, दिवे, ताळा, तू लिहिलंस तसंच. त्यांना किती कळलं माहीत नाही. मधेच त्यांनी विचारलं, "तुम्ही किती लिहिलं होतंत?" मी म्हटलं, "दोन." त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. ह्यांना पाणी पाजतानासुद्धा तुम्ही चमचे मोजायचात." मग त्यांनी विचारलं की ते यंत्र तपासणारं कुणी होतं का. मी म्हटलं, होतं. कोण, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते तू सांगायचं आहेस. त्या सकाळी दहानंतर घरी असतात.

मी अजून आईकडेच राहते. तुझा दादा रोज संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर हॉस्पिटलच्या दारात उभा असतो आणि मला आईच्या घरापर्यंत सोडतो. फार बोलत नाही. परवा म्हणाला, कुलूप लावलंय की नाही ते बघायला मी आज दोनदा जिना चढलो. मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. रविवारी त्याला जेवायला बोलावलं आहे. पुढचं पुढे.

माझ्यासाठी लिहिलेली तीन पत्रं फाडलीस असं कळलं. बरं केलंस. मला तुझी माफी वाचायची नाही. तू खरं लिहिलंस तेव्हा मला जेवण जाऊ लागलं, हे मी विसरणार नाही. तू दोन महिने ते लिहिलं नाहीस, हेही नाही. ही दोन्ही मला एकाच पारड्यात घालता येत नाहीत आणि मी तसा प्रयत्नही करत नाही.

तुला सुट्टीच आहे, तर सामान आवर आणि ये. आईच्या घरी माझ्या खोलीत दुसरी खाट आहे. मला तुझ्यावर पोटभर रागवायचं आहे, आणि ते पत्रात जमत नाही.

वहिनी